घरासोबत आलेले मासे

श्रूजबरीचं हे घर घेतलं
(हो, त्या बिस्किटांचंच गाव)
तेव्हा प्रिचर्डबाईंनी चाव्यांसोबत एक पाकीट दिलं:
बॉयलर कधी कुरकुरतो,
कचऱ्याची कुठली पेटी कुठल्या मंगळवारी,
आणि शेवटी, वळणदार अक्षरात,
'तळ्यात पाच मासे. हिवाळ्यात खायला घालू नये.'

पाच.
तळं म्हणजे काय, काळ्या रबरात धरून ठेवलेलं पाणी,
आमच्या जेवणाच्या टेबलाच्या दीडपट.
पहिली दोन वर्षं आम्ही पाचच मोजत होतो.
पिल्लं जन्मतात ती चिखलाच्या रंगाची,
तळाशी, पानांखाली, कुणाच्या हिशेबात नसलेली.
तिसऱ्या उन्हाळ्यात एकेक करून नारिंगी झाली
आणि मग दिसली.
नीरजाने फोटो छापून पेनाने ठिपके दिले.
त्रेसष्ट. "काही हलले असतील गं, आई."

पहाटे सगळी तोंडं वर,
पाण्याला जणू ओठ फुटलेले.
चाचणीची पट्टी बुडवली की गडद हिरवी होते,
फिल्टरचा स्पंज पिळला की
हाताचा वास दिवसभर जात नाही.

नदी इथून सात मिनिटांवर.
रात्री बादली घेऊन जाता येईल, दिगंबर म्हणाला,
आणि लगेच म्हणाला, छे, गुन्हा आहे तो.
दुकानदाराने चार घेतले, तेही उपकार केल्यासारखे.
ऑफिसातल्या मर्सीने दोन नेले, मुलीच्या वाढदिवसाला.
"तुझी आजी असती तर
तिरफळं घालून मोकळी झाली असती!"
हसले मी. पण रोज ज्याला हाताने दाणे घातले
त्याचं कालवण होत नाही.

रेवदंड्याला बाबा जाळं अंगणात पसरायचे
आणि 'किती' हा शब्द
संध्याकाळी आमच्या घरात कुणी काढायचं नाही.

मे महिन्यात नर माद्यांच्या मागे लागतात,
एकीमागे तीन तीन, पार कडेच्या दगडांपर्यंत दामटत.
सकाळी पाणवेलीवर अंडी,
साबुदाण्याची कणी असावी तशी, आत बारीक ठिपका.
पुस्तकात उपाय सोपा आहे:
वेल उपसावी, हिरवळीवर पसरावी, उन्हात.
उपसली. पसरली.
इथलं ऊन ते, त्याला दुपार लागली.
तेवढा वेळ मी आत डबे पुसत बसले,
आधीच पुसलेले.

आणि तो बगळा.
प्लास्टिकचा, एका पायावर, तळ्याच्या काठी.
खरा बगळा दुसऱ्याची हद्द मानतो म्हणे,
म्हणून प्रिचर्डबाईंनी ठेवलेला.
इतकी वर्षं नुसतं ध्यान लावून
त्याने एवढा संसार वाढवला.

बाई आता टेकडीवरच्या वृद्धाश्रमात असतात.
फोनवर मी सांगितलं, सत्तावन्न उरलेत.
बराच वेळ तिकडून घड्याळच ऐकू येत होतं.
मग म्हणाल्या,
"पाच लिहिलं खरं. केनेथ गेल्यावर
मी मोजलेच नव्हते."
आणि फोन ठेवता ठेवता,
"बगळा आत घे."

काल संध्याकाळी त्याला शेडमध्ये उभा केला,
भिंतीकडे तोंड करून.
वरची जाळीही गुंडाळली.
मी कुणाला मारलं नाही, फक्त पहारा उठवला.
हे वाक्य दोनदा म्हणून बघितलं.
दुसऱ्यांदा ते तितकंसं जमलं नाही.

पहाटे पाचला पडदा सारला.
शेडच्या छपरावर राखाडी काहीतरी,
मान आत ओढून बसलेलं.
मग ते उतरलं, घाई न करता,
आणि पाण्यावर सावली पडली.

सगळी तोंडं वर.
सावली पडली की खाणं येतं,
एवढं एकच
मी त्यांना शिकवलंय.